मालनबाईचा हिशेब

ख्रिस्तवस्ती, ता. परतूर
१४ ऑगस्ट २०२३

ती. मामांना अर्पिताचा सलाम.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानाचं यंत्र तुम्ही लावत नाही, कारण त्यात म्हणे नुसती शिट्टी वाजते. म्हणून हे पत्र. शाळेत पोरांना पत्रलेखन शिकवते, तेव्हा निदान मला तरी ते जमलं पाहिजे. रमेशदादाला सांगा, पोस्टमनला दारातून हाकलू नको म्हणून.

आज तक्रार तुमच्या बहिणीची आहे. देवाच्या मुठीवर तुम्ही नगर जिल्ह्यात किती उपदेश केले असतील ते तुम्हालाच माहीत. चूल पेटवायच्या आधी एक मूठ धान्य वेगळं काढायचं, ते मडक्यात टाकायचं, आणि रविवारी वस्तीतल्या सगळ्या बायकांनी आपापली मडकी चर्चच्या कोठीत रिकामी करायची. तिथून ते महिन्याच्या शेवटी विधवांच्या आणि आजाऱ्यांच्या घरी जातं. बाबा गेले त्या वर्षी बायकांनी कोठीची किल्ली आईच्या हातात दिली, ती अजून तिच्याच कमरेला आहे. म्हातारी माणसं तिला नावानं हाक मारत नाहीत, 'कारभारीण' म्हणतात.

पण मामा, आता ती एका स्वयंपाकाला चार-चार मुठी काढते. परवा मी शाळेतून आले तर ज्वारीच्या डब्याचा तळ दिसत होता आणि मडकं ओसंडून वाहत होतं. मी म्हटलं, "आई, आत्ताच तर काढली होतीस." तर डोळे वटारून म्हणाली, "देवाच्या मुठीला कुणी मोजतं का गं?" यंदा पावसानं दडी मारली आहे, सोयाबीन करपलं, आणि आमच्या घरात ज्वारी तेवढी देवाला पुरते आहे. वरणात एखाद्या दिवशी मीठ दोनदा पडतं, एखाद्या दिवशी पडतच नाही. वय झालं, दुसरं काय.

माझं ती ऐकत नाही. तुमचं ऐकते. तेवढं एक पत्र तिला लिहा, की एका वेळेला एकच मूठ पुरे.

तुमची,
अर्पिता

---

नगर
२ सप्टेंबर २०२३

चि. अर्पितास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. अक्षर चांगलं आहे, मजकूर वाईट आहे. मास्तरीण झालीस म्हणून आईचीही हजेरी घ्यायला लागलीस का?

तुझ्या आईबद्दल एक ऐक. बहात्तरच्या दुष्काळात मालन नवी सून होती. सगळी वस्ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची आणि संध्याकाळी वाट्याला सरकारी पिठाची सुकडी यायची. मी तेव्हा नुकता पाळक झालो होतो आणि तिला भेटायला आलो. बघतो तर त्या सुकडीतूनसुद्धा बाईनं एक मूठ बाजूला काढून ठेवलेली. मी म्हटलं, अगं, तुझ्याच पोटात काही नाही. तर मला म्हणते, "दादा, समदं आपलंच म्हणलं तर मंग आपल्यापाशी राह्यलं काय?" मला कॉलेजात तीन वर्षं जे शिकवलं ते तिनं एका वाक्यात सांगितलं.

आपण मालक नव्हे, कारभारी. हात, पाय, अक्कल, वेळ, धान्य, लेकरं, सगळं सांभाळायला दिलेलं आहे आणि एक दिवस विचारणा व्हायची आहे. मी हे उभ्या जन्मात व्यासपीठावरून बोललो. मालन बोलली नाही, तिनं ते केलं. माझ्या निम्म्या उपदेशांत ती आहे, फक्त तिचं नाव घेत नव्हतो, कारण तिला कळलं असतं तर तिनं मला जेवायला वाढलं नसतं.

तेव्हा तिचा हात धरू नकोस. चार मुठी काढत असेल तर डब्यात चार मुठी जास्त टाक. पगार मिळतो ना तुला? मिठाचं म्हणशील तर इथे सूनबाई तरुण आहे आणि तिचंही वरण खारट होतं, हे पत्र तिच्या हाती पडू देऊ नको म्हणजे झालं.

तुझा मामा,
कल्याण त्रिभुवन

---

ख्रिस्तवस्ती
५ नोव्हेंबर २०२३

ती. मामांना सलाम.

उत्तराला उशीर झाला. सप्टेंबरात आंदोलनामुळे इकडे बसगाड्या बंद होत्या, नंतर सहामाही परीक्षा, आणि खरं सांगायचं तर काय लिहावं ते सुचत नव्हतं.

तुम्ही सांगितलंत तसं डब्यात जास्तीची ज्वारी टाकली. आता गोष्ट डब्याची राहिलेली नाही. चर्चच्या कोठीतलं धान्य कमी भरतं आहे. गेल्या महिन्यात वाटपाच्या दिवशी बेबीनंदा तिच्या आजारी सासऱ्याला ओट्यावर बसवून पिशवी घेऊन उभी होती, आणि तिची पाळी येईपर्यंत कोठी रिकामी झाली. ती मुकाट्यानं घरी गेली. तिचा नवरा गेल्यापासून त्या घरात आमच्या कोठीशिवाय दुसरा आधार नाही हे सगळ्यांना माहीत आहे.

मग कुजबुज सुरू झाली. कचरूभाऊ चर्चच्या पंचांचे सेक्रेटरी आहेत, ते एकदा घरी येऊन चहा पिऊन गेले, पण काही बोलले नाहीत. त्यांनी बोलायला हवं होतं असं मला वाटलं. बायका नळावर मला बघून गप्प होतात.

मामा, आईला एवढंच लिहा की आता किल्ली दुसऱ्या कुणाकडे दे. वय झालं, पुष्कळ वर्षं सांभाळलीस, आता तरण्या बाईला करू दे, असं. मी म्हटलं तर ती किल्ली मुठीत घट्ट धरते आणि दिवसभर माझ्याशी बोलत नाही. का म्हणून विचारू नका. एवढं माझं ऐका.

अर्पिता

---

नगर
१८ नोव्हेंबर २०२३

चि. अर्पिता,

तुझं पत्र वाचून मी दोन घास कमी जेवलो.

कुजबुज झाली म्हणून किल्ली ठेवून द्यायची? म्हणजे लोक म्हणतील तेच खरं, असं आपणच सांगायचं? अगं, उभ्या आयुष्यात जिनं कुणाचा वाळका शेंगदाणा उचलला नाही, तिला तू चोरासारखी मागच्या दारानं बाहेर काढतेस. तुला लोकांची भीती वाटते. मला वाटत नाही, आणि मालनला तर मुळीच वाटत नाही.

कारभाऱ्यानं हिशेबाला भिऊ नये. मी तुमच्या राजानंद पाळकाला आजच लिहिलं आहे. तो माझ्या हाताखाली शिकलेला पोरगा, माझा शब्द मोडायचा नाही. येत्या दहा डिसेंबरला उपासना झाल्यावर मालन भर मंडळीत उभी राहील आणि किल्ली कशी सांभाळली ते सांगेल. ज्यांना विचारायचं त्यांनी तोंडावर विचारावं. एकदा ती बोलली की सगळ्यांची तोंडं बंद होतील. हे मी तिच्या बाजूनं करतो आहे, लक्षात ठेव.

सोबत तिच्यासाठी चिठ्ठी आहे, ती तिला वाचून दाखव.

मामा

(सोबतची चिठ्ठी)

प्रिय मालन,
लोक काहीबाही बोलतात असं कळलं. तू उभी राहा आणि खरं असेल ते सांग. तुला खऱ्याशिवाय दुसरं काही येतच नाही, म्हणून मी निर्धास्त आहे. माझी मान तुझ्यामुळे नेहमी वर राहिली.
तुझा दादा

---

ख्रिस्तवस्ती
१६ डिसेंबर २०२३

ती. मामा,

आता सगळं लिहिते. आधीच लिहायला हवं होतं.

आईचं डोकं जागेवर राहिलेलं नाही. जूनपासून. जालन्याच्या डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढून सांगितलं की आठवण हळूहळू जाणार आणि परत यायची नाही. घरी येताना बसमध्ये तिनं माझा हात धरला. त्या दिवशी ती पूर्ण शुद्धीत होती. म्हणाली, "दादाला सांगू नको. त्याला वाटंल मालन वाया गेली." मी शब्द दिला. म्हणून तुम्हाला मीठ कमी-जास्त पडतं असं गमतीनं लिहिलं, आणि तुम्ही ते गमतीनं वाचलंत.

चार मुठी ती भक्तीनं काढत नव्हती. पहिली काढलेली तिला आठवत नव्हती. प्रत्येक वेळी तिला वाटायचं, देवाची मूठ राहिलीच की. मग घरातला डबा आणि चर्चची कोठी यांतला फरकही गेला. मी शाळेत असताना ती किल्ली घेऊन जायची, कोठीतली ज्वारी पदरात घ्यायची आणि घरी आणून देवाच्या मडक्यात टाकायची. मडकं भरलं की उशीच्या खोळीत. दिवाळीच्या तोंडावर झाडलोट करताना तिच्या बाजेखाली मला त्या खोळी सापडल्या, गच्च भरून तोंडं बांधलेल्या. देवाचंच धान्य ती देवासाठी काढून ठेवत होती, आणि तिकडे बेबीनंदा रिकामी पिशवी घेऊन परत जात होती.

मी ते गुपचूप परत नेऊन टाकायला लागले. एका दुपारी कोठीच्या दारात कचरूभाऊंच्या बायकोनं मला पाहिलं. माझ्या खांद्यावर धान्य होतं. मी आणत होते की नेत होते, ते बघणाऱ्याला कसं कळणार? तेव्हा तुम्हाला ते पत्र लिहिलं, किल्ली काढून घ्या म्हणून. कारण लिहिलं नाही, शब्द दिला होता ना.

तुमची चिठ्ठी मी तिला दाखवणारच नव्हते. पण पोस्टमननं पाकीट तिच्याच हातात दिलं. तुमचं अक्षर तिनं ओळखलं आणि माझ्याकडून चिठ्ठी चार वेळा वाचून घेतली. ती इतकी खूश झाली, मामा. शनिवारी मी राजानंद पाळकांकडे सगळं सांगायला गेले, तर ती माझ्या आधीच तिथे बसलेली, धुवट पातळ नेसून. "दादानं सांगितलंय, म्या उभी राहणार." त्या दिवशी तिला सगळं नीट आठवत होतं, माझ्या शाळेतल्या पोरांची नावंसुद्धा. मला वाटलं, होईल. उद्याचा दिवसही असाच जाईल. मी तोंड उघडलं नाही.

रविवारी उपासनेनंतर ती पुढे गेली. पाळकांनी प्रेमानंच विचारलं, "मालनबाई, कोठीत धान्य कमी का भरतंय, काही सांगता येईल का?" ती बोलायला लागली आणि मधेच थांबली. मला बसल्या जागेवरूनच दिसलं की सगळं पुसलं गेलंय. ती नुसती आमच्याकडे बघत राहिली. मागून कुणीतरी म्हणालं, "अर्पिताबाईला विचारा, पोतं त्यांच्या खांद्यावर होतं."

माझं नाव ऐकून ती जागी झाली. म्हणाली, "किल्ली कुणाच्या कमरेला हाय? माझ्या. मंग लेकीचं नाव कशाला घेता? धान्य गेलं असंल तर म्याच नेलं. मला आठवत न्हाई, पर दुसरं कोण नेणार? म्या चोरी केली."

मी उठून मोठ्यानं सगळं सांगितलं. डॉक्टर, बाजेखालच्या खोळी, सगळं. चर्चमध्ये बायका रडायला लागल्या. कचरूभाऊ खाली मान घालून बसले. फक्त आई माझ्यावर चिडली. असं चिडलेलं मी तिला लहानपणीसुद्धा पाहिलं नव्हतं. "माझ्या डोक्याला काई झालं न्हाई. चोरी झाली तर झाली म्हणावं. ती डोक्याच्या माथी मारायची न्हाई." आणि कमरेची किल्ली सोडून तिनं प्रभुभोजनाच्या मेजावर ठेवली.

घरी येताना तिला चालवेना. मी आणि बेबीनंदानं दोन्हीकडून धरून आणलं.

अर्पिता

---

नगर
२९ डिसेंबर २०२३

चि. अर्पिता,

नाताळच्या दोन दिवस आधी तुझं पत्र आलं. घरात पाहुणे होते. मी नाताळच्या उपासनेला गेलो नाही, पोटात दुखतं म्हणून सांगितलं.

तू मला आधी का नाही सांगितलंस, असं लिहायला बसलो होतो. कागद फाडला. तू सांगत होतीस, मीच वाचलं नाही. मला माझी बहीण हवी होती तशीच दिसत होती. तिला हिशेबाला उभी केली ती मी. तिला मी खरं सांगायला सांगितलं, आणि बिचारीला खरं काय ते माहीत नव्हतं, म्हणून जे वाईटात वाईट असेल ते तिनं आपल्या नावावर घेतलं.

मी यायला निघालो होतो. रमेशनं गाडीची किल्लीच लपवली आणि डॉक्टरला घरी बोलावलं. या वयात दोन जिने चढलो तरी माझ्या नाकातून रक्त येतं, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. पण मला तिचं सांग. तिला ते आठवतं का? विसरली असेल ना? देवाने विस्मरण दिलंच आहे तर एवढं तरी विसरू दे.

मामा

---

ख्रिस्तवस्ती
२१ जानेवारी २०२४

ती. मामा,

नाही. तेवढंच विसरली नाही.

तो रविवार तिला आठवत नाही. कोठी, किल्ली, बेबीनंदा, काहीच नाही. माझं नाव कधी असतं, कधी नसतं. पण आपण चोरी केली एवढं मात्र आत कुठेतरी जाऊन बसलंय. सकाळी उठली की पहिलं विचारते, "बाई, म्या काय चोरलं गं?" मी सांगते, काही नाही. थोडा वेळ बरी असते, मग पुन्हा तेच.

मंडळीनं काही उणं ठेवलं नाही. खोळीतलं धान्य सगळ्यांच्या समोर कोठीत गेलं, बेबीनंदाच्या घरी आधी पोचलं. कचरूभाऊ नवराबायको आले, तिच्या पायाशी बसले, रडले. ती घाबरून मला म्हणाली, "हे पोलीस हायत का?" त्यांना उठवून बाहेर न्यावं लागलं.

हात ती सतत पदराखाली लपवून बसते. प्रभुभोजनाला पाळक घरी आले, तर तिनं तोंड फिरवलं. आणि जेवत नाही. ताट पुढे केलं की म्हणते, "चोराला कशाला वाढता?" दूध कसंबसं जातं. दंडाला हात लावला तर नुसतं हाड लागतं. डॉक्टर म्हणतात, असं फार दिवस चालणार नाही.

मामा, तुम्ही लिहा. भाऊ म्हणून नको, ते मी करून पाहिलं. तुमच्या नावानं मी तोंडी सांगितलं तर म्हणाली, "भाऊ तर चांगलंच म्हणणार." पाळक म्हणून लिहा. हिशेब तपासणारे लिहितात तसं. तिनं आयुष्यभर ज्या हिशेबाची वाट पाहिली, तो कुणीतरी तिला देऊन टाका.

अर्पिता

---

नगर
२ फेब्रुवारी २०२४

सर्व संबंधितांस,

मी, रेव्हरंड कल्याण त्रिभुवन, निवृत्त पाळक, ख्रिस्तवस्ती येथील मूठ-धान्याचा कारभार राजानंद पाळक आणि सेक्रेटरी कचरूभाऊ यांच्याकडून पत्रानं विचारून घेऊन तपासला आहे.

मालनबाई खरात यांच्याकडे कोठीची किल्ली होती. त्यांनी ती सांभाळली. कोठीतलं धान्य कोठीत आहे. कुणाचा एक दाणा त्यांच्या पोटात गेलेला नाही, त्यांच्या लेकीच्याही नाही. ज्यांच्या घरी पोचायचं त्यांच्या घरी ते पोचलं आहे. मालनबाईंनी दुष्काळात आपल्या तोंडचं काढून दुसऱ्याला दिलं, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. आजारात त्यांची आठवण गेली, तरी देण्याची सवय गेली नाही, आणि जे झालं ते त्या सवयीनंच झालं. चोरी झालेली नाही.

शेवटी चूक कुणाची हे माहीत नसताना त्यांनी ती आपल्यावर घेतली, दुसऱ्याच्या अंगावर जाऊ दिली नाही. एवढा चोख कारभार मी माझ्या सेवेच्या काळात दुसरा पाहिला नाही.

मालनबाईंचा हिशेब पुरा झाला आहे. त्यांच्याकडे कुणाचं काही निघत नाही. त्यांनी मान वर करून बसावं.

रेव्ह. कल्याण त्रिभुवन

(अर्पिता, सही वाकडी आली आहे, ती मुद्दाम तशी केलेली नाही. तिला मोठ्यानं, सावकाश वाच. मी.)

---

ख्रिस्तवस्ती
११ फेब्रुवारी २०२४

ती. मामा,

तुमचं पत्र काल आलं. आज रविवार, म्हणून आजपर्यंत थांबले. तिला न्हाऊ घातलं, खुर्चीवर बसवलं आणि समोर उभी राहून वाचलं, चर्चमध्ये वाचतात तसं, सावकाश.

पहिल्या ओळीलाच ती ताठ बसली. पत्र संपलं तेव्हा तिचे हात पदराबाहेर होते, मांडीवर. कधी काढले ते मलाही कळलं नाही.

मग तिनं विचारलं, "ही मालनबाई कोण?"

तुम्ही एवढं लिहिलंत, आणि ते जिच्यासाठी ती तिथे नव्हतीच. मी म्हटलं, "आहे एक. आपल्याच वस्तीतली."

"लोकायनं तिला चोर म्हणलं?"

"तिचं तिलाच वाटलं तसं."

ती हळहळली. "अगं बाई. चांगल्या बाईला असं वाटून राह्यलं." मग मला म्हणाली, "तिला कुणी सांगितलं का, हे लिहून आलंय म्हणून?"

"सांगेन."

"सांगेन काय? आत्ता जा. बिचारी रडत बसली असंल."

तिनं खुर्चीत बसल्या बसल्या मला अक्षरशः हातानं ढकललं. मी बाहेर ओट्यावर गेले. भिंतीला टेकून उभी राहिले आणि मामा, खूप रडले. जूनपासून रडले नव्हते, तेवढं सगळं. मग तोंड धुऊन आत आले.

"सांगितलं?"

"सांगितलं."

"मंग? काय म्हणली?"

"रडली."

"रडू दे. मोकळी व्हईल." मग माझ्याकडे बघून, पूर्वी वाटपाच्या दिवशी बोलायची त्याच हुकमी आवाजात म्हणाली, "तिला जेवू घाल आधी. किती दिसाची उपाशी असंल."

मी ताट वाढून आणलं आणि तिच्यापुढे ठेवलं. ती जेवली.

तुमची,
अर्पिता